या घराची उंची

उंचीला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण दिसेल त्या वस्तूच्या उंचीची एवढी काळजी वाहणारा माणूस परभणी जिल्ह्यात माझ्या दाजींशिवाय दुसरा नसेल, आणि शेजारच्या जिल्ह्यांबद्दलही मला फारशी आशा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. पूर्णेला रुळांच्या पलीकडे घर, सगळी नोकरी कोर्टात कारकुनीची, आणि अंगानं ज्वारीच्या ताटासारखे उंच नि किडकिडीत. आमचं माहेर वालूरचं. त्या घराची चौकट बुटकी. लग्नाच्या दिवशी दाजी पहिल्यांदा आत शिरले ते कपाळ आपटूनच. आमच्याकडे तो फोटो अजून आहे: पांढऱ्या साडीतली अक्का हसू दाबते आहे आणि शेजारी दाजी कपाळावर टेंगूळ घेऊन गंभीरपणे उभे आहेत. "सासऱ्यानं काय दिलं ते साऱ्या गावाला दिसायलंय," असं अक्का तेव्हा पुटपुटली होती. पुढच्या खेपेला दाजी येताना खिशात टेप घेऊन आले, चौकट मोजली आणि तिच्या माथ्यावर चुन्यानं आकडा लिहिला. वडिलांनी विचारलं, "जावईबापू, हे काय?" तर म्हणाले, "सूचना. सूचना वाचून बी डोकं आपटलं, तर जबाबदारी ज्याची त्याची."

तेव्हापासून टेप खिशातून गेला नाही. पूर्णेच्या घरात माळ्याची फळी, न्हाणीचा दरवाजा, पंख्याचं पातं, सगळ्यांखाली आकडे. पाहुणा बसला की पाण्याआधी त्याला पंख्याची उंची सांगितली जाई. जयंतीच्या मिरवणुकीत लोक निळे झेंडे घेऊन नाचत आणि दाजी सगळ्यांच्या पुढे एक बांबू उभा धरून चालत. बांबूला लाल चिंधी, चिंधीची उंची रथाच्या वरच्या टोकाएवढी. विजेची तार चिंधीला टेकते आहे असं वाटलं की त्यांचा हात वर व्हायचा आणि मागची वाजंत्री गप्प. पोरं चिडवायची, "दाजी, तुमच्यापायी पहाट होती बगा!" दाजींचं उत्तर ठरलेलं: "पहाट झालेली चालती. तार लागलेली न्हाई चालत." मी स्वतः शिस्तीची बाई आहे. परभणीच्या एका शाळेचं कार्यालय सांभाळते, प्रवासाला निघताना सामानाची यादी दोनदा वाचते. तरीही दाजींबरोबर बाजारात गेलं की मला आपण फारच बेफिकीर असल्यासारखं वाटायचं.

त्यांचा सगळ्यात मोठा राग रेल्वेच्या बोगद्यावर. जुनं फाटक बंद झालं आणि रुळांखालून रस्ता निघाला. त्याला आमच्याकडे बोगदा म्हणतात. उंच गाडी आत अडकू नये म्हणून अलीकडे लोखंडी कमान आहे आणि कमानीवर उंचीचा आकडा. दाजींचं म्हणणं असं की खाली डांबराचे थर चढत जातात, वरचा आकडा मात्र पहिल्या दिवसाचाच राहतो. "आकडा लिवला तवा खरा होता," ते म्हणत. "आता रस्ता वर आलाय आणि आकडा तितंच बसलाय." शिवाय उसाच्या कुठल्याशा गाडीनं ती कमान मधोमध वाकवून ठेवलेली. म्हणून फिरायला निघाले की दाजी बोगद्यापर्यंत जात आणि भर रस्त्यात उभं राहून कमान मोजून येत.

मग एका पावसाळ्यात अक्काला लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, बसणं आलं नाही. एसटीत तिला नेता येईना, भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर मुडपून नेलं तर ती कण्हायची. वालूरला आमची आई, वय झालेलं, गुडघ्यांनी जागेवर बसवलेली. तिला इकडे आणता येईना, अक्काला तिकडे नेता येईना. अक्का दुसरं काही मागत नव्हती. मी गेले की एवढंच म्हणायची, "आईला एकदा बगू दे गं. फोनवर ती नुसती रडती, चेहरा दिसतच न्हाई."

दाजींनी एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस घेतली आणि तिचं फिरतं घर करायला काढलं. सीटा काढल्या, अक्काची खाट पक्की बसवली, खाटेच्या उंचीला बरोबर येईल अशी सरकती खिडकी केली, पडदा लावून न्हाणी केली. छताला भोक पाडून वर पत्र्याचा कुलर चढवला, कारण अक्काला उकाडा अजिबात सोसत नव्हता. एवढ्यावर निघता आलं असतं. पण दाजींनी कुठूनतरी वाचलं होतं की परदेशात अशा उंच गाड्यांत चालकाच्या नजरेसमोर गाडीची उंची लिहिलेली असावीच लागते, तसा कायदाच आहे. झालं! आपल्याकडेही तसा नियम असणार, आणि तो पाळल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. गाडीचा प्रकार बदलल्याची नोंद करायला आम्ही परभणीच्या परिवहन कार्यालयात गेलो, तेव्हा दाजींनी साहेबांना तोच प्रश्न केला. साहेब सभ्य होते. म्हणाले, "काका, उंची मर्यादेत पाहिजे, कागदावर नोंद पाहिजे. ड्रायव्हरसमोर पाटी लावा असं काही माझ्या वाचनात नाही. आणि हे वर काय आहे?"

"कुलर."

"कुलर घरात ठेवायचा ना, काका."

"साहेब, हेच घर हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. कुलर घट्ट बोल्टांनी आवळून, त्याच्यासकट उंची धरून पुन्हा या, असं सांगितलं. पाटीचा विषय संपला असं मला वाटलं. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "कायद्यात नसंल तर ती कायद्याची चूक. आपली कशाला होऊ द्यायची?"

पुन्हा खेटे. कधी साहेब रजेवर, कधी कागद अपुरा. कागद हातात पडले तर पेंटर लग्नाच्या कामांत अडकलेला. दुसरा पेंटर दाजींना चालेना, त्याचा तीन आणि पाच सारखाच दिसतो म्हणून. दिवाळी गेली, हिवाळा गेला. अक्काचं खाणं कमी होत चाललं होतं, आवाज बसत चालला होता. एका दुपारी मी त्यांच्या अंगणात उभी राहून सरळ बोलले. "दाजी, पाटी मागून लावा. आधी तिला न्या. पाटीची वाट बघत ती थांबणार नाही."

दाजी गाडीखाली दगड सारखे करत होते, मोजताना गाडी तिरकी नको म्हणून. ते उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "बाई, बाकीच्या गाडीत माणसं बसून असत्यात. वरून काही आलं तर वाकत्यात, उडी मारत्यात. ही आडवी हाय. छत घासलं तर हिला उठून पळता येणार न्हाई." मग दुसरा दगड सरकवत, "आणि चालवणार मी. घाईत मला काही आठवत न्हाई. डोळ्यापुढं लिवलेलं पायजे."

आतून अक्काचा घोगरा आवाज आला, "माझी बी उंची लिवा म्हणावं. निजल्यावर दीड फूट!" आणि ती एकटीच हसली.

पाटी लागली एप्रिलात. पिवळ्यावर काळी अक्षरं, समोरच्या काचेच्या वर, शेजारी बुद्धांची छोटी मूर्ती: "या घराची उंची ३.३२ मीटर." उजाडताच निघालो. दाजी स्टिअरिंगवर, मी खाटेशी. बोगद्याजवळ येताच गाडी थांबली. दाजींनी पाटी वाचली, उतरले, कमानीच्या वाकलेल्या जागेखाली टेप धरला, परत आले, पुन्हा पाटी वाचली. मागे दुधाच्या गाड्या, ट्रॅक्टर, पाठोपाठ भोंगे. एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ दाजी, जातंय की! चार बोटं जागा हाय! बोगदा इकत घ्यायलाव का काय?"

"चार बोटं माझ्या डोक्याला पुरत्यात," दाजी म्हणाले, "हिच्या न्हाई." आणि त्या अरुंद जागेत शिव्या खात, मागे-पुढे करत त्यांनी गाडी वळवली. पुढच्या गावाजवळ एक फाटक अजून उघडं होतं, तिथून लांबचा फेरा घेतला. मी मनात तासांचा हिशेब मांडून धुसफुसत होते. उन्हाच्या आत पोहोचायचं आमचं ठरलं होतं. आता ते जमणार नव्हतं.

त्या आडरस्त्यावर एका शेताच्या बांधाला हळद शिजत होती. मोठ्या पिंपांतून वाफ उठत होती, तो कडवट ओला वास गाडीत शिरला. अक्कानं डोळे उघडले. "थांबवा," म्हणाली. दाजींनी गाडी थांबवली, मागे येऊन खिडकी सरकवली. ती वास घेत पडून राहिली. खळ्यावरच्या बाया हात थांबवून गाडीच्या छतावरचा कुलर बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं अक्का म्हणाली, "बरं झालं लांबून आलो. बोगद्यात काय बगितलं असतं? अंधार."

वालूरला अक्काला न मुडपता त्या बुटक्या चौकटीतून आत नेता येणारच नव्हतं. दाजींनी ते आधीच मोजून ठेवलं होतं, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं. ते घरात गेले आणि आईलाच दोन्ही हातांवर उचलून बाहेर आले, चुन्याच्या आकड्याखालून स्वतः जवळजवळ निम्मे वाकून. आईला अक्काच्या खाटेवर तिच्या शेजारी निजवलं. दोघी दिवसभर तशाच पडून होत्या, एकमेकींच्या तोंडावर हात फिरवत, वर कुलर घरघरत. आई रडली, पण या वेळी अक्काला तिचा चेहरा दिसत होता.

पावसाळा लागता लागता अक्का गेली. आईला अजून ते नीटसं उमगत नाही. गाडीचा आवाज आला की ती विचारते, "आली का थोरली?" म्हणून दाजी महिन्याकाठी एकदा तिला भेटायला जातात, त्याच गाडीनं. कुलर गंजला, तो त्यांनी उतरवून ठेवला. मागच्या खेपेला मी बरोबर होते. गाडी कमानीपाशी आली आणि दाजींनी नेहमीसारखा वळायचा दिवा लावला.

मी म्हणाले, "दाजी, वरचा कुलर काढलाय ना? आता आरामात जाते की खालून. पाटीवरचा आकडा जुना झालाय. नवा लिहून घ्या."

त्यांनी पाटीकडे पाहिलं. बोगद्यावर इतकी वर्षं आरडाओरडा केलेला हा माणूस हळू आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ दे बाई. लिवला तवा खरा होता."

आणि आम्ही वळलो. पुढे त्या शेताजवळ गाडी थांबली. आता तिथे पिंपं नव्हती, बाया नव्हत्या, वास नव्हता. घोट्याएवढी नवी हळद पावसात उभी होती. दाजी मागे गेले, रिकाम्या खाटेशेजारची खिडकी त्यांनी पूर्ण सरकवली आणि वाकून उभे राहिले. चादरीवर पाण्याचे थेंब पडायला लागले. चादर भिजेल हे सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी खिडकी ओढून घेतली, चादरीवरचं पाणी हातानं निपटलं आणि म्हणाले, "चला. आई वाट बगायली असंल."