हा प्लग कोणी लावला?

रेडिओचा सेट ऐकत होता, पण बोलत नव्हता. तांदळे सरांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं, क्लबचं नाव सांगितलं, बटण सोडलं. पलीकडून पुण्याकडच्या गृहस्थांचा बारीक आवाज आला, "बीडचं स्टेशन आहे का? बीड, बीड. कोणी आहे का?"

"आहे की! कवापासून ओरडतोय!" सर सेटवर ओरडले. बटण न दाबताच.

रविवार होता, सकाळचे साडेआठ. मी केजला तांदळे सरांच्या घरी वरच्या खोलीत उभी होते. हातात मीटर आणि पिशवीत सोल्डरिंग आयर्न. सरांचा फोन आला होता, "मावशी, हाय तशा या, नेट सुरू झालंय."

माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळतात, त्या मी भरते. मोटार भरणे म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणे. माझी शाळा चौथीपर्यंत. धंदा नवऱ्याचा होता. तो वारला तेव्हा दुकानात अकरा मोटारी उघड्या पडल्या होत्या. गिऱ्हाईक दारात यायला लागलं, म्हणून त्या मी भरल्या. त्यातल्या दोन परत आल्या. नंतर येईनाशा झाल्या.

रेडिओवाल्यांशी ओळख तारेमुळं झाली. तांदळे सर शाळेत विज्ञान शिकवायचे. रिटायर झाल्यावर एकदा बावीस गेजची तार मागायला आले. कशाला पाहिजे विचारलं, तर एरियलला जोडायचं कॉइल स्वतः गुंडाळणार म्हणाले. गुंडाळून आणलेलं मला दाखवलं. मी ते सोडून पुन्हा गुंडाळून दिलं. तेव्हापासून क्लबच्या एरियल आणि केबली माझ्याकडं असतात. सेटच्या पोटात मी हात घालत नाही.

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा वायरलेस. त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही, सिमकार्ड लागत नाही. आपला सेट, आपली एरियल आणि पलीकडं तसाच सेट घेऊन बसलेला माणूस. पूर आला, टॉवर बंद पडले तर हेच कामाला येतं असं हे लोक सांगतात. एरवी हवापाण्याच्या गप्पा मारतात. पण बटण दाबून बोलायचं तर सरकारचा परवाना लागतो, आणि परवान्याला परीक्षा. तिच्या दोन पायऱ्या आहेत. खालच्या पायरीला विजेचं ज्ञान आणि कायदे विचारतात. वरच्या पायरीला त्याशिवाय जुन्या तारखात्यासारखी टिकटिक यावी लागते. शिक्षणाची अट कुठंच नाही, पण मी बघितलेले सगळे पेपर इंग्रजीत होते.

माझी अडचण साधी होती. एरियल बांधून झाली तरी ती बरोबर झाली का, हे बटण दाबल्याशिवाय कळत नाही. बटण दाबायचा मला हक्क नाही. मग परवान्याचा माणूस येईपर्यंत बसून राहायचं. एकदा नांदूरघाटला एका गच्चीवर मी तीन तास उन्हात बसले होते, सर लग्नातलं जेवण आटोपून येईपर्यंत. येऊन त्यांनी एकदा बटण दाबलं आणि म्हणाले, "झकास." हौस वगैरे मला काही नव्हती. परवाना पाहिजे होता तो एवढ्यासाठी.

त्या रविवारी नेटवर ह्याच परीक्षेचा विषय होता. नेट म्हणजे ठरलेल्या वेळेला सगळ्या स्टेशनांनी हवेत जमायचं. एक जण नावं पुकारतो, बाकीचे पाळीनं बोलतात. परीक्षा आहे तशी ठेवावी, सोपी करावी, की काढून नुसता एक दिवसाचा वर्ग ठेवावा, यावर जिल्ह्याजिल्ह्याचं मत घेऊन सरकारला पत्र जाणार होतं. आणि नेमका बीडचा सेट मुका झाला होता.

खोलीत आणखी एक जण होते, ढाकणे साहेब. बँकेत ऑफिसर होते, आता रिटायर. आमच्या क्लबात वरच्या पायरीचा परवाना त्यांचा एकट्याचा. मी सेटच्या मागं वाकले तरी दोघांचा वाद थांबला नाही.

"तीनदा नापास होऊन टिकटिक शिकलोय मी," ढाकणे साहेब म्हणत होते. "आता कुणीबी येणार, एक दिवस वर्गात बसणार अन् परवाना घेऊन जाणार? कावून? उद्या हवेत गुड मॉर्निंगच्या फुलांशिवाय काय ऐकू येणार न्हाई."

"हवेतून फुलं पाठवता येत नाहीत, ढाकणे."

"तोंडानं पाठवतेत. तुमाला लोक म्हायती न्हाईत."

"लोक राहिलेत कुठं?" सर म्हणाले. "क्लबात सात माणसं. दोघं पुण्याला पोराकडं गेले, एकाला ऐकू येत नाही. परीक्षा अशीच ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी बीडमधून तुम्ही एकटेच टिकटिक करत बसाल."

"बसंन. पण शुद्ध करंन."

मी सरांना म्हणाले, "एकदा बटण दाबा अन् धरून ठेवा." सेटवर एक काटा असतो. पाठवलेली ताकद एरियलमध्ये गेली की माघारी आली, ते तो दाखवतो. काटा पार टोकाला जाऊन टेकला. पाठवलेलं सगळं माघारी येत होतं. असं झालं की सेट जळू नये म्हणून स्वतःच ताकद कमी करतो. माणूस बोलत राहतो आणि आवाज खोलीतच राहतो.

"ढाकणे साहेब, गच्चीवर जा. केबलीचं एरियलकडचं टोक सोडा. नुस्तं सोडा. काई जोडू नका."

ते गेले. वरून हाक आली, "सोडलं!" मी सेटमागचा प्लग काढला. मीटरची एक तार मधल्या पिनीला लावली, दुसरी बाहेरच्या कड्याला. केबलीत मधोमध एक तार असते आणि तिच्याभोवती तारेची जाळी. दोन्ही टोकं मोकळी असताना त्यांचा एकमेकींशी संबंध नसतो. असला तर मीटर वाजतो.

मीटर वाजला.

"हा प्लग कोणी लावला?" मी विचारलं.

सर छताकडं बघायला लागले. ढाकणे साहेब तेवढ्यात खाली आले. "कोणता? तो? कालच बदललाय. नवा कोरा हाय."

"लावला कोणी?"

"मीच लावला. का?"

मी प्लग उघडून त्यांच्यापुढं धरला. "ही जाळी. हिचा हा एक केस आत जाऊन पिनीला चिकटलाय."

"एका केसानं काय होतंय?"

"अख्खा जिल्हा मुका झालाय की."

सर हसले. ढाकणे साहेब चष्मा पुसत बसले. मी केबल बोटभर कापली, जाळी मागं दुमडली, नवं टोक काढलं आणि प्लगला सोल्डरचा टाका दिला. टाका गार होईपर्यंत हात हलवायचा नसतो. तेवढ्या वेळात सरांनी मला विचारलं.

"मावशी, तुमी सांगा. परीक्षा काढून टाकली तर तुमाला उद्या परवाना मिळंल. बरोबर का न्हाई?"

मी त्यांना माझ्या दुकानातली रीत सांगितली. भरलेली मोटार आम्ही थेट लाइनीवर लावत नाही. आधी सिरीजच्या बल्बावर लावतो. वीज बल्बातून मोटारीत जाते. काम बिघडलं असलं तर बल्ब भगभगीत पेटतो, चांगलं असलं तर मंद राहतो. मोटार वाचते, माणूसही वाचतो. दुकानात कामाला राहिलेल्या कोणालाही, स्वतः भरलेली मोटार बल्बावर पास केल्याशिवाय मी मेन स्विचला हात लावू दिला नाही. तो किती शिकलाय हे मी विचारलं नाही.

"म्हणून परीक्षा ठिवा," मी म्हणाले. "पण मराठीत घ्या. अन् कागदावर निम्मी घ्या, निम्मी हातानं. प्लग लावून दाखव म्हणावं. मीटर लावून दाखव म्हणावं."

"हातानं घेतली तर आमच्यातले निम्मे जातील," सर म्हणाले.

"जाऊ द्या की."

"मला कशाला बघताय?" ढाकणे साहेब म्हणाले. त्यांच्याकडं कोणी बघत नव्हतं.

केबल जोडली. वरचं टोक या वेळेला मी स्वतः जाऊन जोडलं. सरांनी बटण दाबलं, काटा जागेवर बसून राहिला. पुण्याकडचे गृहस्थ लगेच म्हणाले, "आलं, बीड आलं. तुमचीच वाट बघतोय. सांगा मत."

सर बोलायला लागले. नमस्कार झाला, हवामान झालं. मग म्हणाले, "आमच्याकडं चौथी शिकलेल्या एक मावशी आहेत. चाळीस वर्षं मोटारी भरतात. परीक्षा काढूनच टाका, असं त्यांचंसुद्धा म्हणणं आहे. अशा बाईला परवाना मिळू नये, ही शरमेची गोष्ट आहे. ओव्हर." ओव्हर म्हणजे माझं संपलं, आता तुम्ही बोला.

मी म्हणाले, "सर, असं मी कवा म्हणले?"

त्यांनी बटण सोडलेलं होतं. हळूच म्हणाले, "मावशी, तुमच्याच फायद्याचं हाय."

"फायदा माझा, वाक्य तुमचं. दुरुस्त करा."

"पत्रात करू नंतर. नेट आटपायला आलंय."

मी सेटच्या मागं गेले आणि प्लगच्या कड्याला हात घातला. एक आटा सोडला. "सर, हा मी आता काढते. परत लावायला मला दहा मिनटं लागतेत. साहेबांना जास्त लागतेत."

"मला मधी घिऊ नका," ढाकणे साहेब म्हणाले. पण ते हसत होते.

सरांचा चेहरा पडला. नेटवर दुसऱ्याच जिल्ह्याचं बोलणं सुरू झालं होतं, ते संपेपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे. माझा हात कड्यावर होता. मग सरांनी बटणाकडं हात नेला, तेव्हा मी आटा परत आवळला. ते म्हणाले, "बीडकडून दुरुस्ती." मी एकेक वाक्य सांगितलं, त्यांनी ते तसंच हवेत सोडलं. परीक्षा ठेवा. आपल्या भाषेत घ्या. निम्मी हातानं घ्या. शेवटचं वाक्य त्यांनी जरा हळू म्हटलं. मी पुन्हा म्हणायला लावलं.

पलीकडून प्रश्न आला, "मत चांगलं आहे. कोणाचं? कॉलसाइन सांगा." परवाना मिळाला की सरकार नावाच्या जागी अक्षरं आणि आकडे देतं, ती कॉलसाइन.

"त्यांना कॉलसाइन नाही," सर म्हणाले.

"मग नोंदवता येणार नाही. फक्त परवानाधारकांची मतं घ्यायचं ठरलंय. बीडकडून परवानाधारक काय म्हणतात?"

सर म्हणाले, सोपी करा. ढाकणे साहेबांनी त्यांच्या हातून माइक घेतला आणि म्हणाले, आहे तशीच ठेवा.

"बीड, एकमत नाही," ते गृहस्थ म्हणाले आणि पुढचा जिल्हा पुकारला.

मी मीटर पिशवीत टाकला आणि दुकानात गेले. वाटेत विचार केला. माझ्यासारखीला परवाना द्यायचा की नाही हे ठरवायचं चाललंय, आणि तिथं तोंड उघडायला परवाना लागतो. ह्यावर सरांशी किंवा साहेबांशी भांडून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला.

इंग्रजी अक्षरं मला येत होती. मोटारीच्या पाटीवर एचपी, व्होल्ट, फेज लिहिलेलं असतं, ते वाचूनच धंदा चालतो. वाक्यं येत नव्हती. माझी सून संगीता बारावी झालेली आहे. मोटारीच्या खाचांत घालायचा कडक कागद असतो. त्याच्या उरलेल्या पट्ट्यांवर तिनं एका बाजूला इंग्रजी प्रश्न लिहिले आणि दुसऱ्या बाजूला मराठी. मोटार भरता भरता मी पट्ट्या उलटत होते. पहिल्यांदा मी नापास झाले. विजेच्या भागात पास, कायद्याच्या भागात नापास. विजेचा प्रश्न अर्धा कळला तरी उत्तर कळतं. कायद्याचा पूर्ण कळला तरी कळत नाही. परीक्षेचं ठिकाण लांब, जायला एक दिवस, यायला एक दिवस. दुसऱ्यांदा गेले आणि पास झाले. खालची पायरी. कॉलसाइन यायला बरेच महिने लागले.

आली त्या आठवड्यात मी नेटवर गेले. पुण्याकडचे तेच गृहस्थ होते. त्यांनी अभिनंदन केलं. मी म्हणाले, "माझं त्या वेळचं मत आता नोंदवा." ते म्हणाले, "मावशी, पत्र जाऊन वर्ष होत आलं. उत्तर अजून आलेलं नाही. विषय बंद आहे." मी ओव्हर म्हणाले.

आता मी एरियल बांधते आणि बटणही मीच दाबते. कोणाचं लग्नातलं जेवण आटपायची वाट बघत नाही. एवढा फायदा झाला. पण दोन्ही वेळच्या परीक्षेत मला कोणी प्लग लावून दाखवायला सांगितलं नाही. परवाना मला बोलायचा मिळाला. प्लग लावायचा परवाना अजून कोणाकडंच नाही.

म्हणून दुकानातल्या टेबलावर मी एक प्लग आणि वीतभर केबल ठेवली आहे. केबल बिघडली म्हणून कोणी आलं की आधी त्यानं ती जोडायची, मग मी त्याच्या कामाला हात लावते. ढाकणे साहेबांना तीन टाके लागले. तिसरा टाका चांगला होता, तसं मी त्यांना सांगितलं. तांदळे सर वेळ नाही म्हणतात. त्यांची केबल अजून खिळ्याला लटकते आहे.

माझ्या परीक्षेत भाषेची अट नाही. मीटर वाजला की नापास.