तीनशे पंचाहत्तरची रायफल आणि माझी भुवई

तपकिरी अस्वल मारायला कोणती रायफल घ्यावी, याचा सल्ला मी सौदी अरेबियात दिलेला आहे. मी एसी आणि कूलिंगची कामं करतो.

अल खर्जला एका डेअरी फार्मवर दुधाच्या टाक्या थंड ठेवणं ही माझी नोकरी. फार्मचे मालक अबू सालेह. माणूस दिलदार, आवाज खणखणीत, आणि मला ते ‘मुहंदिस’ म्हणजे इंजिनीयर म्हणतात. (माझा आयटीआयचा दाखला त्यांनी पाहिलेला नाही. मीही दाखवलेला नाही.) एका संध्याकाळी कॉम्प्रेसर सुरू करून दिला म्हणून त्यांनी मला मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, कहवा प्यायला बसवलं. शेजारी त्यांचे दोन चुलतभाऊ, आणि विषय शिकारीचा.

आता या कहव्याचं एक शास्त्र आहे. इवलासा कप असतो. पुरे झालं की तो हातात हलवायचा. हलवला नाही, तर वाढणारा ओततच राहतो. मी गप्पांच्या नादात हलवायचं विसरलो आणि आठव्या कपाला माझ्यातला कोकणी माणूस जागा झाला.

“माझे सासरेही शिकारी आहेत,” मी म्हणालो.

“क्या मारता?” अबू सालेहांनी आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, संगमेश्वरकडचे. त्यांच्याकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक आहे. ती ते डुकरांना पळवायला हवेत उडवतात. एकदा तिच्या आवाजाने त्यांचीच म्हैस दोन दिवस बेपत्ता झाली होती. एवढाच काय तो पराक्रम! पण आठ कप कहवा पोटात होता.

“अस्वल,” मी म्हणालो.

दोन्ही चुलतभाऊ पुढे सरकून बसले.

“और तुम?”

“मी बरोबर असतो.”

(आपल्याकडे अस्वल मारणं हा गुन्हा आहे. म्हणजे मी सासऱ्यांनी न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊन वर स्वतःला साथीदारही करून घेतलं!)

अबू सालेहांनी माझा हात धरला. त्यांनी म्हणे कुठल्याशा बर्फाच्या देशात अस्वलाच्या शिकारीला जायचं ठरवलं होतं. तिथे ती कायदेशीर असते. परवाना, वाटाड्या, सगळं पक्कं होतं. रायफल तेवढी ठरत नव्हती. “अब तुम बोलेगा!”

दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सॲपवर रायफलींचे फोटो यायला लागले. एक होती थर्टी-ओ-सिक्स. दुसरी तीनशे पंचाहत्तर. आकड्यात पॉइंट कुठे द्यायचा हेही मला ठाऊक नव्हतं. शेवटी मी मला येतं तेच केलं. खोली मोठी असेल, पश्चिमेचं ऊन असेल, तर आम्ही हिशेबाने निघतं त्याच्यापेक्षा एक नंबर मोठा एसी लावतो. अस्वल मोठं, चरबी जाड, स्वभाव गरम. मी कळवलं, “तीनशे पंचाहत्तर. लहान मशीनवर जादा लोड टाकायचा नसतो.”

मग गोळ्यांचे फोटो आले. एक लवकर फुलणारी मऊ, एक शिशावर पातळ पत्रा चढवलेली, एक सगळी तांब्याची, वजनाला भारी. मी पंधरा वर्षं पाइप जोडतोय. स्वस्त पाइप फुटतो, जाड तांबं टिकतं. “तांब्याची. सर्वांत जड.”

दोन दिवसांनी अबू सालेह स्वतः टाक्यांपाशी आले आणि त्यांनी मला मिठीच मारली. शिकारीवाल्या कंपनीचा सल्ला आला होता: तपकिरी अस्वलाला तीनशे पंचाहत्तर, आणि खोल शिरणारी तांब्याची जड गोळी!

“मुहंदिस, तुम मेरे साथ चलेगा. टिकट मेरा, व्हिसा मेरा, जॅकेट मेरा!”

मी हसलो. आणि उगाचच टाकीचा काटा पुन्हा तपासायला वळलो.

घरी सांगितलं तर माझ्या बायकोने, सुषमाने, पोळी तव्यावरच सोडली. “अहो, परवा बाथरूममध्ये झुरळ निघालं तेव्हा तुम्ही स्टुलावर चढला होतात!”

आमची दहा वर्षांची ईरा म्हणाली, “बाबा, बेअर इज फास्टर दॅन अ हॉर्स. स्टूल काम नहीं आएगा.”

“सरळ सांगून टाका ना, थाप मारली म्हणून,” सुषमा म्हणाली.

“आणि मग? ज्या माणसाच्या सहीने इकामा, आपला इथे राहायचा परवाना, रिन्यू होतो, त्याला सांगू की तुमचा मुहंदिस इतके दिवस खोटं बोलत होता? उद्या मी म्हणालो दूध चार डिग्रीवर आहे, तर तो विश्वास ठेवील?”

सुषमाने करपलेली पोळी खाली उतरवली. प्रश्न खरा होता. नोकरी टिकवायची तर अस्वलासमोर उभं राहायचं, आणि अस्वलासमोर उभं राहिलं तर नोकरी करायला कोण उरणार!

त्यात अण्णा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडेच आलेले होते. अबू सालेहांना हे कळायला वेळ लागला नाही. (ईराने सांगितलं.) शुक्रवारी आम्हा दोघांना शेतावर आमंत्रण आलं. रायफलची चाचणी होती.

शेताच्या टोकाला वाळूच्या उंच ढिगाऱ्यापुढे एक रिकामा ड्रम मांडला होता. चुलतभाऊ खुर्च्यांवर बसले होते. अण्णा धोतरात, डोक्यावर टोपी, पायात ईराचे लाल मोजे. (वाळू तापते म्हणून.) त्यांनी रायफलकडे पाहून आधी हात जोडले.

अबू सालेहांनी अदबीने विचारलं, “भालू सामने आया, तो आप क्या करता?”

मी ते अण्णांना मराठीत सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली.

“जावयबापू, अस्वल दिसला तर आमी वाट सोडतो. हातात बंदूक असली तरी सोडतो. त्याला सांगा, उगाच जीवाशी खेळ करू नको. घरी पोरंबाळं असतील.”

“क्या बोला?”

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, “बोलते हैं, एक आवाज हुआ, तो भालू रस्ता छोड़ता है.”

अबू सालेहांचा चेहरा पडला. मला वाटलं, आदराने गंभीर झाले असतील.

“यल्ला, चलो,” ते हळूच म्हणाले, “पहला गोली उस्ताद का.” आणि रायफल माझ्या हातात दिली!

ती जड होती. मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. अगदी चिकटवलाच, म्हणजे ड्रम नीट दिसेल. “आँख पीछे, मुहंदिस, आँख पीछे!” अबू सालेह ओरडले. मी जाणकार माणसासारखी मान हलवली आणि डोळा आणखी पुढे नेला.

चाप ओढला.

आवाज मी ऐकला की नाही, आठवत नाही. मी वाळूत उताणा पडलो होतो, वर निळं आकाश होतं आणि डोळ्यात काहीतरी कोमट गळत होतं. रायफलने मागे उसळी घेतली होती आणि दुर्बिणीच्या कडेने माझी भुवई उभी फाडली होती. ड्रमला ओरखडाही नव्हता. गोळी ढिगाऱ्यात गेली असं सगळे म्हणतात.

“मेला की काय!” अण्णा धावत आले. “सुषमाला काय सांगू मी!”

अबू सालेहांनी डोक्यावरचा आपला लाल-पांढरा रुमाल काढून माझ्या कपाळाला बांधला, मला स्वतः उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. पाच टाके पडले. डॉक्टर बाहेर गेले, तसे त्यांनी दार लावलं. खोलीत ते, मी आणि अण्णा.

“मुहंदिस. भालू कभी मारा?”

कपाळ ठणकत होतं. खोटं बोलण्याइतकी ताकद उरली नव्हती.

“नहीं.”

“देखा?”

“ज़ू में. वो सोया था.”

मी डोळे मिटले. मनात इकामा, ईराची शाळा, टाक्या, सगळं एकदम आलं. खलास, म्हटलं, सामान बांधायला घ्या.

पण डोळे उघडले तर अबू सालेह खुर्चीत मागे रेलून हसत होते. डोळ्यांतून पाणी.

“मैं भी नहीं मारा! भाई लोग के सामने मुँह से निकल गया. अब ‘नहीं जाता’ कैसे बोलूँ? मैं समझा, मुहंदिस बोलेगा मत जाओ, सब मान जाएगा. तुम को रोज फोटो भेजा. रोज! और तुम? तीन सौ पचहत्तर! तांबा! सब से भारी!”

मला हसू येत होतं, पण टाके ओढत होते.

मग त्यांनी विचारलं, “ये बाबा असल में क्या बोला था?”

मी अण्णांचं वाक्य आता जसंच्या तसं सांगितलं, पोराबाळांसकट. ऐकून अबू सालेह उठले आणि त्यांनी अण्णांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. अण्णा गांगरून गेले. “ह्येला काय झाला? ह्याला पण लागलाय काय?”

त्या संध्याकाळी चुलतभावांना निरोप गेला: मोहीम रद्द. जखमी साथीदाराला मागे टाकून जाणं आमच्या रक्तात नाही! भावांनी वाहवा केली. माझा इकामाही पुढच्या महिन्यात रिन्यू झाला. “पण दूध किती डिग्रीवर आहे ते खरं सांगत जा,” एवढंच अबू सालेह म्हणाले. मी घरी येऊन सुषमाला हे सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग हसली, आणि मग पट्टीवरून हलकेच टपली मारली. इतकं सुटल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

रायफल आता अबू सालेहांच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद आहे. निवड अचूक होती, यात वादच नाही. तज्ज्ञांनीही तेच सांगितलं होतं. फक्त आजवर तिने एकच जनावर घायाळ केलं आहे, आणि तेही नळीच्या पुढचं नव्हे, मागचं.