नवसाची पाकट

चाकूरला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या उज्वलाबाईंनी समुद्र एकदाच पाहिला होता, तोही लग्नानंतरच्या सहलीत, आणि तेव्हा त्यांना उलट्या लागल्या होत्या. तरी संध्याकाळ झाली की बाई मांटांचे फोटो उघडून बसायच्या. मांटा म्हणजे बैलगाडीपेक्षा रुंद, पंख पसरलेली पाकट, चपट्या अंगाचा समुद्री मासा. बाईंची जुनी विद्यार्थिनी शिवानी या माशांचा अभ्यास करायची. पाणबुड्यांनी काढलेले फोटो जातीनुसार निवडून द्यायचं काम तिने बाईंना दिलं होतं. सासूबाई केवळाबाईंच्या मते हा निव्वळ रिकामटेकडेपणा.

मांटा ओळखायची रीत ठरलेली. पाठीवरचे पांढरे पट्टे पाहायचे, मग तोंडाचा रंग, मग ठिपके. एका जातीच्या पाठीवर काळा 'टी' उमटतो, तोंडही काळं. दुसरीचं तोंड पांढरट, पण ठिपके कल्ल्यांच्या फटींमध्येही असतात. एक मादी दोन्हींत बसेना. पाठीवर 'व्ही', तोंड फिकट, ठिपके फक्त पोटावर. प्रत्येकीचे ठिपके निराळे, त्यामुळे ती पुन्हा फोटोत आली की बाई झटकन ओळखायच्या. तिला त्या 'आपली' म्हणू लागल्या.

"जात नवी असंल मॅडम," शिवानी म्हणाली, "पण नुसत्या फोटोवर कुणी मानत न्हाई. मेलेला नमुना हाती लागायला पायजे."

बाईंना ते झोंबलं. एवढे डोळे फोडले ते पाण्यात जाणार? सासूसोबत जाऊन त्यांनी गावदेवीला नवस बोलला: एखादी मेलेली सापडू दे, तुझी ओटी भरीन. एखादी म्हणजे नेमकी कुठली, हे त्यांच्या मनातही आलं नाही. शिकल्यासवरलेल्या बाईला एवढी अक्कल नसावी!

श्रावणात शिवानीचा फोन आला. "सापडली! जाळ्यात गुंतून मेली. पोटाचा फोटो बघा."

बाईंनी पाहिला. तेच ठिपके.

"आपलीच आहे गं."

"पोटात पिल्लू पण निघालं मॅडम. नमुने दोन झाले!"

केवळाबाईंनी 'सापडली' एवढंच ऐकलं. "देवी पावली! चल, ओटी भरून येऊ."

"आत्या, मला न्हाई भरायची," बाई सासूला म्हणाल्या.

"असं कसं? मागितलंस तूच की."

बाईंनी पिशवी उचलली. देवळात खण-नारळ ठेवला, ओंजळीने तांदूळ घातले. पिल्लू केवढं होतं, हे विचारायचा त्यांना धीर झाला नव्हता.

"आणखी काय पायजे ते मागून घे," केवळाबाई म्हणाल्या, "लई ऐकायलीय देवी तुझं."

बाईंनी हात जोडले नाहीत. त्यांना आता मागायचीच भीती वाटत होती.