नाल्यापलीकडचं टेसन

आमच्या शेलूबाजारात रेल्वे नाही. हायवे आहे, जीपगाड्या आहेत, पोत्यांनी भरलेले ट्रक आहेत. रेल्वे कधी आली नाही आणि येईल असं कोणी म्हणतही नाही. तरी दुपारचा चहा झाला की टेसनमामा हातात चिमटा घेऊन माझ्या दुकानावरून जायचे आणि गिऱ्हाइकांच्या देखत ओरडायचे, "रेल्वेच्या कामावर जाऊन राह्यलो बे!" नवख्या माणसाला वाटायचं, कुठंतरी रूळ पडतायत. पडत होतेच, पण माझ्या गच्चीवरच्या खोलीत, प्लायवूडवर.

मामांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. रेल्वेशी संबंध एवढाच की लहानपणी कारंज्याला छोट्या गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं म्हणून बापाचा मार खाल्ला होता. रिटायर झाल्यावर मात्र त्यांनी कारंज्याहून एक फाटा काढला, आमच्या भागातून फिरवला आणि आपल्या जन्मगावी संपवला. अर्थात खेळण्यातला. ते आणि मामी माझे भाडेकरू. खोली मी दिली, प्लायवूड मी दिलं, आणि पावसाळ्यात ते फुगलं तेव्हा बोलणीही मीच खाल्ली. या माणसाचा मला भारी राग यायचा आणि दोन दिवस दिसला नाही तर करमायचंही नाही.

त्यांचा हट्ट एकच. खोटं काही बसवायचं नाही. मुलानं पुण्याहून इंजिन पाठवलं, त्याच्यासोबत प्लास्टिकची टोकदार झाडं आली. मामांनी एक झाड माझ्या नाकासमोर धरलं. "हे झाड मानोऱ्याच्या रस्त्यानं पाह्यलं का तू कधी?" नव्हतं पाहिलं. झाडं शेजारच्या पोरींच्या भातुकलीत गेली, आणि मामा झाडूच्या काड्या घेऊन बाभळी करायला बसले.

शेतीचं खातं वसंतरावांकडे होतं. वसंतराव म्हणजे मामांचे गावचे वर्गमित्र, चांगल्या जमिनीचे धनी. बाजाराला आले की आधी गच्चीवर. भुसा हिरवा रंगवून त्यांनी एक वावर सोयाबीनचं केलं होतं, मध्ये तुरीची तासं सोडून. त्यासाठी वर्ष घातलं. एकदा मामांनी हौसेनं बांधावर फुललेला पळस लावला, तर वसंतराव कडाडले, "पयस फुलला अन् सोयाबीन हिरवं? कोन्या देशात हे?" मामांनी त्याच संध्याकाळी चिमट्यानं एकूणएक फूल खुडलं. एरवी कोणाचं न ऐकणारा माणूस, पण पिकाच्या बाबतीत वसंतरावांचा शब्द शेवटचा.

बिनसलं ते टेसनावरून. प्लायवूडवर मामांचं गाव अगदी जसंच्या तसं होतं. मारुतीचा पार, शाळा, मग नाला, आणि नाल्यापलीकडे मामांची बौद्ध वस्ती. मामांनी टेसन मांडलं ते नाल्यापलीकडे, विहाराला लागून. तिकडे वळायला रुळांना जागा कमी पडे. वळण फार आखूड होई आणि इंजिन दर वेळी तिथंच आडवं होई. कित्येक महिने आम्ही ते उचलून उभं करत होतो.

शेवटी वसंतराव वैतागले. "पारापाशी घे ना टेसन. रूळ सिधे येतेत, गाडी पडत नाही. वस्तीत कायले नेऊन राह्यला?"

मामा शांतच. "वसंता, तू वस्तीत कधी आला?"

"काम नाही पडलं कधी."

"नाही पडलं ना? म्हनून टेसन तिकडं. साऱ्या गावाले वस्तीत यायचं काम पडलं पायजे."

शेलूबाजारात हे दोघं एक चहा अर्धा अर्धा पीत. पण गावात वसंतरावांनी नाला ओलांडला नव्हता. कोणी अडवलं नव्हतं, फक्त काम पडलं नव्हतं. मग मामांनी पुढचं सांगितलं. वळण मोठं करायला एकच जागा होती. "तुयं वावर लागते, वसंता."

वसंतराव चपला घालून निघून गेले. पुढचे दोन-तीन बाजार ते फिरकले नाहीत. मी म्हटलं, "मामा, प्लायवूड माझं, वावर भुशाचं. खरवडून टाका अन् मोकळे व्हा." मामा म्हणाले, "ज्याचं पीक हाये त्याले इचारल्याबिगर?" मी चिडलो. "मग टेसन हलवा! बोटभर टेसनापायी शाळेपासूनचा दोस्त घालवता?" त्यावर मामांनी चिमट्यानं टेसन होतं तिथंच पुन्हा नीट बसवलं. "हलवलं त गाडी जाईन," म्हणाले, "पन मी तिच्यात बसनार नाही." त्यांचे डोळे भरले होते. मग मी पुन्हा तो विषय काढला नाही.

एका बाजारी वसंतराव आले ते थेट जिना चढून, खिशात छोटी सुरी. "उभं पीक कोनी देते का कोनाले? आदी सोंगू दे." मांडी घालून बसले आणि वर्षभर लावलेलं वावर त्यांनी कडेपासून रीतसर कापत, सोंगत आणलं, तुरीसकट. भुसा कागदात बांधला. हात झटकले. "घे आता." मामांनी वावरातून रूळ टाकले. इंजिन रुंद वळणानं नाल्यावरून गेलं आणि न पडता वस्तीत जाऊन थांबलं. मामांना शिट्टी सुचली नाही. तोंडानं "टिंग टिंग" करून ते जन्माच्या सवयीनं ओरडले, "चला, उतरा लवकर!" आम्ही हसून हसून खाली बसलो.

मामा मागच्या हिवाळ्यात गेले. अंत्यविधी गावी झाला, वस्तीतल्या घरून. सारं गाव आलं होतं, वसंतरावही होते, पण गर्दी स्मशानापाशी जमली आणि तिथूनच पांगली. दुसऱ्या सकाळी मी मामींचं सामान पोचवायला वस्तीत गेलो होतो. मामी अंगणात उभ्या होत्या. नाल्याच्या पुलावरून वसंतराव एकटेच चालत येताना दिसले. हातात काही नाही, सोबत कोणी नाही. घर कोणतं ते त्यांनी वाटेत एका बाईला विचारलं.

मामी गोंधळल्या. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "काई काम होतं काय, भाऊ?"

"नाही वहिनी," वसंतराव म्हणाले, "काम काईच नाही." आणि चपला काढून ते बाजेवर बसले.