म म्हणजे महालक्ष्म्या

जन्मभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कागद हातात आला की तो कुठल्या फायलीत जाणार, हे मी वाचायच्या आधीच ठरवून टाकतो. वेबसाइट करायला घेतली तेव्हा ही खोड अंगाशी आली.

वेबसाइट ताईच्या रांगोळ्यांची. माझी ही थोरली बहीण शनिवार पेठेत राहते, मी वारज्यात. आयुष्यभर तिने दारात ठिपक्यांची रांगोळी काढली आणि प्रत्येक नवी रांगोळी एका वहीत पेन्सिलीने उतरवून ठेवली. आता तिच्या नजरेच्या मधोमध डाग आला आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाहीसं होतं. दोन वर्षांपासून रांगोळीचा डबा बंद आहे. उरलेली नजर किती दिवस टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी घाबरलो. तिच्या रांगोळ्या तिला एकदा मोठ्या, ठळक दिसाव्यात, एवढंच मला हवं होतं.

संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही. पण कोड लिहून देणाऱ्या एआयशी मराठीत बोललं तरी चालतं, असं कळलं. मग रोज सकाळी चहा झाला की बसायचो. वहीच्या पानाचा फोटो द्यायचा, काय हवं ते लिहायचं, की तो ठिपके मांडून रेषा ओढून द्यायचा. कोडची एकही ओळ मी लिहिली नाही. कचेरीत असा एक जण हाताखाली मिळाला असता तर मी रोज वेळेवर घरी गेलो असतो.

वहीत ठिपक्यांच्या आकड्यांपुढे एकेक अक्षर होतं, 'स.' नाहीतर 'म.' पेन्सिल पुसट झालेली. माझ्यातला कारकून जागा झाला. 'स'वरचा अनुस्वार उडाला असणार, म्हणजे संक्रांत. आणि 'म' म्हणजे महालक्ष्म्या. आमच्याकडे गौरींना तेच म्हणतात. ताईला फोन करून विचारता आलं असतं. पण तिला आयतं दाखवून चकित करायचं होतं, आणि खरं सांगायचं तर रांगोळीतलं विचारणं मला कमीपणाचं वाटलं. वेबसाइटवर दोन विभाग तयार झाले.

संक्रांतीच्या रांगोळ्या झकास उमटल्या. महालक्ष्म्यांच्या रेषा मात्र ठिपके सोडून भलतीकडेच जायला लागल्या. एआयने विचारलं, "या रांगोळ्यांत ठिपक्यांच्या ओळी एकमेकींच्या बरोबर समोर आहेत का?" प्रश्न मला कळला नाही. कळलं नाही की 'होय' लिहून मोकळं व्हायचं, ही कचेरीची शिकवण. मग तो म्हणाला, तसं असेल तर मूळ चित्रांत चूक असू शकते, दुरुस्त करू का? मी म्हटलं, कर. तीसेक रांगोळ्या त्याने नेटक्या, चौकोनी करून दिल्या.

रविवारी लॅपटॉप आणि तिची वही घेऊन ताईकडे गेलो. तिने मान तिरकी करून कडेच्या नजरेने पाहायला सुरुवात केली. पहिल्या चार-पाच पाहून खूश होती. महालक्ष्म्या सुरू झाल्या तशी तिने मान आणखी तिरकी केली.

"ही कुणाची?"

"तुझीच. जरा दुरुस्त केलीय."

"अस्सं. बिघडली होती का?"

मी 'म'चा खुलासा केला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी स्वतः हाकत तिच्या घरी नेला होता. ती हसली नाही. कुटाला काढलेल्या शेंगदाण्यांतले तीन दाणे तिने चाचपत ताटात एका ओळीत ठेवले. खाली दोन ठेवले, पण वरच्या दाण्यांखाली नाही, त्यांच्या फटींखाली.

"म म्हणजे मधले ठिपके. दोघांच्या मधे बसतात ते. स म्हणजे समोरासमोर. इतकी वर्षं दारातली रांगोळी ओलांडून गेलास, एकदा तरी खाली बघायचंस."

मला लाज वाटली. महिनाभर मी तिच्या हातचं पुसत होतो आणि वर त्याला दुरुस्ती म्हणत होतो. तिथेच बसून एआयला लिहिलं, "म म्हणजे मधले ठिपके. चूक माझी आहे, वहीची नाही. सगळ्या जशा होत्या तशा कर. गेरूचा रंग, वर जाड पांढऱ्या रेषा."

थोड्या वेळात त्या आल्या. ताई पडद्याला जवळजवळ नाक लावून बसली. तिचं बोट एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर सरकत होतं, आणि कुठेही अडत नव्हतं. तिला दिसत होतं. मी एकेक रांगोळी पुढे करत राहिलो.

शेवटची झाल्यावर ती मागे टेकली. "आता लिही. एकवीस ते अकरा, मधले."

मी वही चाळली. पुढून चाळली, मागून चाळली. "कुठल्या पानावर आहे ही?"

"वहीत कशी असेल?" ती म्हणाली. "आत्ता काढतेय. वरच्या ओळीपासून धर."