मामांचं रक्त काढताना

मी पाटणला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. नाकाबंदीत पिऊन गाडी चालवताना सापडलेल्यांना पोलीस आमच्याकडे आणतात. डॉक्टर त्यांना सरळ चालायला लावतात, तोंडाचा वास घेतात, डोळे बघतात, आणि रक्त मी काढते. एरवी सुई टोचण्याआधी आम्ही स्पिरिटच्या कापसाने हात पुसतो. या कामात मात्र तो कापूस चालत नाही. स्पिरिट म्हणजे दारूचंच भावंड, त्यामुळे तपासणीत घोळ होऊ शकतो. म्हणून इथे साबणपाणीच वापरायचं.

मागच्या वर्षी एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, हवालदार ज्यांना घेऊन आले ते माझे मामा होते.

वडील फौजेत, बदल्या सारख्या, म्हणून दहावीपर्यंत मी मामा-मामीकडेच वाढले. मामांचा टेम्पो होता, आसपासच्या गावांचा माल ते बाजाराला आणायचे. गावातलं दारूचं दुकान बंद करायला मामीने बायका गोळा केल्या होत्या. बाटली उभी की आडवी यावर मतदान झालं, त्या दिवशी वर डोंगरातल्या म्हाताऱ्या बायकांना मामांनीच टेम्पोत बसवून खाली आणलं. बाटली आडवी झाली, दुकान उठलं. मामांना दवाखान्यात आणलं तेव्हा मामी जाऊन आठ महिने झाले होते.

मला वाटलं, मामांचा अपघात झाला. मी धावत पुढे गेले तर त्यांना कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. स्वच्छ पांढरा सदरा, नीट विंचरलेले केस.

"काय झालं, मामा?"

हवालदारांनी टेबलावर कागद ठेवला. "मशीन वाजलं, सिस्टर. दोनदा फुंकायला लावलं, दोन्ही वेळा वाजलं. रक्त घ्यायचंय."

मी डॉक्टरांना बाजूला नेऊन सांगितलं, हे माझे मामा आहेत, दुसऱ्या कुणाला तरी सांगा. ते म्हणाले, दुसरी सिस्टर बाळंतिणीपाशी अडकलीय, कोण आहे दुसरं? इतक्यात मामाच म्हणाले, "तूच काढ. तुझा हात हलका हाय."

मामा सरळ चालले. आपलं नाव, गाव नीट सांगितलं. वास आला की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. फिनेलचा वास होता, माझ्या हातमोज्यांचा होता. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, रक्त काढलं, कुपीवर चिठ्ठी लावली. पोलिसांनी सही घेतली आणि त्यांना घेऊन गेले.

सगळं आवरताना ट्रेमध्ये दोन कापूस दिसले. एक ओला, एक जवळपास सुकलेला. यातला कुठला मी मामांच्या हाताला लावला होता, ते आठवेना. नाकाशी धरून पाहिले, तर दोन्हींना स्पिरिटचा वास येतोय असं वाटलं. सकाळपासून त्याच ट्रेवर चाळीसेक इंजेक्शनं झाली होती. हात सवयीने कुठे गेला असेल, कोण सांगणार?

डॉक्टरांना सांगावं, तर भाचीने मामाला वाचवायला बनाव केला असं होईल. न सांगावं, तर माझ्या चुकीने एक न पिणारा माणूस दारुडा ठरेल. पण मग मशीन का वाजलं? दोनदा?

रविवारी मी मामांकडे गेले. ते ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत होते.

"आवं मामा, मला खरं सांगा. माझ्या हातून कदाचित स्पिरिट लागलंय. मी तसं लिहून देईन. तुमी कोर्टात लढा."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "स्पिरिट न्हाई लागलं. साबणाचं पाणी हुतं. मी बघत हुतो."

"मग?"

"घेतली हुती मी. बाजारला निघताना." शेंग पुन्हा उचलून म्हणाले, "दुपार लय मोठी झालीय घरात."

मला राग यायला हवा होता. मी शेजारी बसून शेंगा निवडू लागले. मामीने ज्या घरात बायका गोळा केल्या त्याच घरात बाटली आली होती, आणि कधीपासून, हे मी विचारलं नाही.

पहिल्याच तारखेला मामांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. दंड झाला, लायसन सहा महिन्यांसाठी गेलं. वकील करू म्हटलं तर नको म्हणाले. त्यामुळे रक्ताच्या तपासणीत काय निघालं, ते मी कधी विचारलं नाही. मामांनी खरंच साबणपाणी पाहिलं होतं, की माझ्या जिवाला लागू नये म्हणून तसं म्हणाले, तेही मला कळलेलं नाही. दारू घेतली होती, एवढं मात्र त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

आता ते एसटीने बाजाराला येतात आणि दुपारी दवाखान्यात डोकावतात. बाहेरच्या बाकड्यावर बसतात. माझं काम आटपेपर्यंत दोन तास जातात, कधी तीन. मी चहा आणते. परवा विचारलं, "अजून घेता?"

"येखांद्या दिशी," ते म्हणाले. "हितं आलो तर न्हाई."