हुंकारापुरता उशीर

पुण्याहून वाशीमला निघालो तेव्हा पिशवीत दोन शर्ट, शेंगदाण्याची चटणी आणि माझा एक जुना फोन होता. हा फोन मीच रूट केलेला, म्हणजे कंपनीने आत घातलेल्या कुलपाची किल्ली स्वतःच्या हाती घेतलेला. मोबाइल दुरुस्तीवर पोट भरणारा माणूस एका फोनसाठी एवढा प्रवास करतो, हे बायकोला पटलं नाही. मलाही तिला नीट सांगता आलं नाही.

निमित्त होतं सात वर्षांची पायल. तिची आई कमल माझ्या दुकानासमोरच्या इमारतीवर काम करते. दर हंगामाला मायलेकी मानोऱ्याजवळच्या तांड्यावरून (वस्तीवरून) येतात. कमलचे वडील, पायलचे आबा, तिकडेच राहतात. तांड्यावर साधा फोन लागत नाही, म्हणून रोज दिवेलागणीला ते इंटरनेटवरून फोन लावून नातीला गोष्ट सांगायचे. त्यांचा नियम एकच. प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचं. हूं आलं नाही तर गोष्ट तिथेच थांबते. पायल वेळेवर हूं म्हणायची, पण ते तांड्यावर पोचायला उशीर लागायचा. तोवर आबा म्हणायचे, "झोपली वाटते पोरगी," आणि फोन ठेवायचे. गोष्टीतली राजकन्या महिनाभर त्याच विहिरीत अडकली होती.

"काका, आबा माह्यावर रुसले काय?" पायलने एकदा विचारलं, आणि मी तिकीट काढलं.

वाशीमहून मंगरूळपीर, तिथून मानोरा. दोन्ही अंगांना काळी रानं आणि शेंगांनी वाकलेली तूर. एका मोटारसायकलवाल्याने फाट्यावर सोडलं आणि मी मोठ्या रुबाबात भलत्याच पांदणीत (शेतवाटेत) शिरलो. तासभर तंगडतोड करून तांड्यावर पोचलो, तेव्हा आबा बाजेवर बसून अंबाडीच्या वाखाचा (सालीच्या तंतूंचा) दोर वळत होते.

"कोनीतरी भरदिवसा गोष्ट सांगून राह्यलं असन," ते हसून म्हणाले. "म्हनून तुमी वाट चुकले."

जेवायला भाकरी आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आमटी होती. अशी आमटी खाल्ली की पुण्याचं हॉटेल आठवतसुद्धा नाही. जेवताना मी सुचवलं, "आबा, दुपारी फोन लावत जा. टॉवरवर गर्दी कमी असते."

"दिवसा कायची गोष्ट? दिवसा गोष्ट सांगितली का मामा वाट चुकते! पायलचा मामा ट्रकवर हाये, आज कुठं असन कोन जाने."

झालं! म्हणजे सगळा तांडा फोन घेऊन बसतो, नेमकी तीच वेळ धरायची. मग आबांना द्यायला आणलेला तो जुना फोन मी हाती घेतला. तो दर घटकेला या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत होता. त्याला ज्या पट्ट्यावर (लहरींच्या बँडवर) नेटवर्क स्थिर मिळत होतं, तिथेच बांधून ठेवला. मागे गुपचूप डेटा खाणारी ॲप्स अडवली. वीज वाचवायला फोनमधला सिग्नल पकडणारा रेडिओ डुलक्या घ्यायचा, ते बंद केलं. अशा फोनवर पैशांचे व्यवहार करायचे नाहीत, असंही बजावलं.

"आता तपासू," मी म्हणालो. माझा दुसरा फोन घेऊन मी गोठ्यामागे गेलो. तोवर सूर्य टेकला होता. आबांनी गोष्ट सुरू केली, मी पडद्यावरचे आकडे बघत बसलो. गोष्ट बंद पडली.

"काहून? झोपले काय?"

उशीर नेटवर्कचा नव्हता. मीच हूं म्हणायला विसरलो होतो. एकदम माझे वडील आठवले. तेही हुंकाराशिवाय पुढे सरकत नसत. शेवटच्या महिन्यांत फोनवर विचारायचे, "ऐकतोयस ना?" माझा 'हो' पोचेपर्यंत फोन ठेवलेला असायचा. पुढच्या महिन्यात गावी जाऊ, असं मी ठरवत राहिलो, आणि पुढच्या महिन्यात ते नव्हते.

मग पायलला फोन लावला. उशीर बराच घटला होता, पण थोडा उरलाच. टॉवर लांब, त्याला माझी किल्ली लागत नाही. मी मान खाली घालून तसं सांगितलं.

आबांनी वाख हातात घेतला. "एका वाक्याले एक पीळ, मंग हूं. असंच सांगत आलो मी. आता दोन पीळ घालतो. तेवढा उशीर दोरात जाईन."

वाक्य झालं. एक पीळ. दुसरा पीळ. आणि फोनमधून आलं, "हूं."

त्या संध्याकाळी राजकन्या विहिरीबाहेर आली. आबांनी दोनदा डोळे पुसले आणि दोषही वाखाच्या धुळीवर टाकला.

निघताना तोच दोर त्यांनी माझ्या पिशवीत घातला. "पोरीले उड्या मारायले द्या."

पुण्यात उतरल्यावर दोर पायलला दिला. तिने तिथल्या तिथे रस्त्यावर उड्या सुरू केल्या. मी दुकान उघडून बसलो. दोन पीळ थांबा, असं वडिलांना सांगायला मला काय झालं होतं? त्यासाठी फोन रूट करावा लागत नाही. त्यांचा नंबर मी अजून पुसलेला नाही. पडद्यावर तो काढला आणि हळूच म्हणालो, "हूं."

फार उशिरा म्हणालो. पण म्हणालो.